यॉल, कोव्ह आणि आमचं जयगाव

रविवार संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे फोनचा टाइम. धाकटी बहीण आयर्लंडला नर्स आहे, कॉर्क काउंटीत समुद्राकाठी एक छोटं गाव आहे, तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममधे ड्यूटी करते, आणि रविवारी तिची दुपार मोकळी असली की व्हिडिओ कॉल लागतो. मायचा पहिला प्रश्न ठरलेला, "यॉलमा पानी पडी ऱ्हायना का?" आणि तिकडून उत्तरही ठरलेलं, "हाव ना माय, पडीच ऱ्हायना."

माय चौथी शिकलेली, तिला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही, आणि त्या गावाचं नाव ती पहिल्या दिवसापासून बरोब्बर म्हणते. यॉल. बॉलसारखं, एका दमात. मी बीकॉम झालेला माणूस, दिवसभर इंग्रजीतली बिलं आणि ईमेल वाचतो, आणि मी तब्बल सहा महिने त्या गावाला यौघल म्हणत होतो. कारण मी ते नाव आधी कागदावर वाचलं, व्हिसाच्या पेपरवर, वाय ओ यू जी एच ए एल. मायने ते कधी वाचलंच नाही, तिने ते लेकीच्या तोंडून ऐकलं. माझ्या डोक्यात तर दोन गावं होती, एक यौघल जिथे बहिणीचं ऑफर लेटर आलं होतं, आणि एक यॉल जे ती फोनवर सारखं म्हणायची, मला वाटायचं जवळपासचं बाजाराचं गाव असेल, जसं आपल्याकडे खेड्यातला माणूस अमळनेरला जाऊन येतो तसं.

घोळ उघडा पडला तो दिवाळीच्या पार्सलला. बिबड्या, तीळ घातलेले पापड, खारे शेंगदाणे, मायने भाजून कुटलेला मसाला असं सगळं पॅक करून कुरिअरच्या काउंटरवर गेलो, तिथल्या पोराने पत्ता वाचला "योघल, ना?" म्हणून, मी म्हणलं यौघल, आणि माय सोबत आली होती ती मागून म्हणली, "नही रे, यॉल शे ते." आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं आणि परत लेबलकडे बघितलं. रात्री बहिणीला विचारलं तर ती म्हणे, "दादा, मायचंच बरोबर आहे, तू म्हणतोस तसं इथे कोणीच म्हणत नाही."

त्या दिवसापासून मला या नावांचा नाद लागला. बहीण एकेक नाव सांगते, मी आधी स्पेलिंग बघतो, माझ्या मनाने वाचतो, मग ती खरं काय ते सांगते. एन ए ए एस, मी म्हणलं नास, तर ते नेस. ए टी एच वाय, मी म्हणलं अ‍ॅथी, तर अथाय. सी ए एच आय आर म्हणजे कहीर किंवा काहिर असेल म्हणलं, तर ते नुसतं केर. डब्लिनजवळचं टॅला हे नाव टॅलघ्टसारखं लिहितात, शेवटचं जी एच टी कोणीच म्हणत नाही. ड्रोघेडा वाटतं ते ड्रॉहेडा, आणि तिथलेच लोक घाईत बोलले तर ड्रॉडा. डब्लिनला समुद्राकाठी एक गाव आहे, त्याचं स्पेलिंग मी तीन वेळा तपासून बघितलं, पहिला शब्द डी यू एन ठीक आहे, दुसऱ्या शब्दात एल ए ओ जी एच ए आय आर ई एवढी नऊ अक्षरं, आणि उच्चार काय तर डन लिअरी. बस.

सुरुवातीला मला वाटलं की हे लोक आळशीपणाने अक्षरं गिळत असतील. तसं नाहीये, आणि हे समजलं तेव्हा मला खरंच फार भारी वाटलं. ही मुळात इंग्रजी नावंच नाहीत. ही आयरिश भाषेतली नावं आहेत आणि आयरिशची स्पेलिंगची रीत पूर्ण वेगळी, इंग्रजीपेक्षा जुनी. तिच्या जुन्या मुळाक्षरांत फक्त १८ अक्षरं. व्ही नाही, डब्ल्यू नाही, के नाही. मग व चा आवाज लिहायचा कसा, तर बी एच किंवा एम एच. टी एच म्हणजे ह. एफ एच म्हणजे काहीच नाही, गप्प. जी एच आणि डी एच म्हणजे एके काळी घशातला एक घोगरा आवाज होता, तो शब्दाच्या मधे असला की शेकडो वर्षांत बोलण्यातून झिजून गेला, पण लिहिण्यात राहिला.

आणि हा एच पण मुळात एच नव्हता! जुन्या आयरिश लिपीत त्या अक्षराच्या डोक्यावर नुसता एक टिंब द्यायचे, की हे अक्षर मऊ म्हणा. पुढे विसाव्या शतकात रोमन टाइप आला, त्यात टिंबाची सोय नव्हती, मग टिंबाच्या जागी एच लिहायला लागले आणि शब्द हातभर लांब झाले. हे वाचलं तेव्हा मला आपले अनुस्वार आठवले. माझ्या आजोबांच्या पत्रात "घरांत", "नांव", "गांव" असं असायचं, त्या टिंबाचा उच्चार कोणी करत नव्हतं, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते टिंब गेले. आपल्याकडे गेले तरी जुन्या पाट्यांवर "जळगांव", "चाळीसगांव" अजून दिसतं की नाही? तसंच आयरिशमधेही १९४० च्या दशकात सरकारने स्पेलिंग सोपी केली, पुष्कळ मुकी अक्षरं काढली, पण गावांच्या नावात जुनं राहून गेलं. डन लिअरीतला तो जी एच त्यातलाच. गावाच्या नावाला हात लावायला माणूस कचरतो, हे मला पटतं.

यॉल हे नाव आयरिशमधे एओखिलसारखं काहीतरी आहे, अर्थ यू नावाच्या झाडांचं रान. आपलं पिंपळनेर, एरंडोल जसं झाडावरून. आणि टॅलाचा अर्थ ऐकून अंगावर काटा आला, साथीच्या रोगात मेलेल्यांना पुरण्याची जागा. ड्रॉहेडा म्हणजे नदीच्या उतारावरचा पूल, उतार म्हणजे जिथून पायी नदी ओलांडता येते तो. डब्लिन म्हणजे काळा डोह. पण गंमत अशी की आयरिशमधे डब्लिनला डब्लिन म्हणतच नाहीत, वेगळंच नाव आहे, बल्या आहा क्लिया, म्हणजे काठ्यांच्या ताट्या टाकून केलेल्या उताराचं गाव. तिथल्या बसवर "अन लार" अशी पाटी असते, बहीण पहिल्यांदा डब्लिनला गेली तेव्हा तिला वाटलं हे कुठलं तरी मोठं गाव आहे, सगळ्या बस तिकडेच चालल्यात. ते म्हणजे "शहराचा मध्य". तिथल्या रस्त्यांवर पाटीला दोन ओळी, वर तिरप्या अक्षरात आयरिश आणि खाली कॅपिटलमधे इंग्रजी, आणि जिथे आयरिश अजून घरात बोलतात त्या भागात नुसती आयरिश.

बॅली हा शब्द तर जिथे तिथे. आपल्याकडे कसं नेर, खेडा, गाव, तसं त्यांचं बॅली, म्हणजे गाव किंवा वस्ती. किल म्हणजे चर्च, डन म्हणजे किल्ला, क्लोन म्हणजे कुरण, नॉक म्हणजे टेकडी. आणि नावाच्या शेवटी मोर किंवा बेग लागतं, मोर म्हणजे मोठं, बेग म्हणजे लहान. म्हणजे आपलं बुद्रुक आणि खुर्द! यॉलपासून गाडीने थोडं गेलं की आर्डमोर लागतं, इंग्रजीत वाचणाऱ्याला वाटेल मोर म्हणजे जास्त. मी हे मायला सांगितलं तर तिला बाकी काही नाही पण बुद्रुक-खुर्दचं लगेच पटलं, कारण तिचं माहेरच खुर्द.

आता कोव्ह. हे नाव मला सगळ्यात जास्त आवडलं. स्पेलिंग सी ओ बी एच, कोणीही कोभ म्हणेल. मजा अशी की हा शब्द मुळात इंग्रजीच, कोव्ह म्हणजे समुद्राची लहान खाडी, ते बंदर आधी "कोव्ह ऑफ कॉर्क" होतं. १८४९ मधे राणी व्हिक्टोरिया येऊन गेली म्हणून नाव बदलून क्वीन्सटाउन केलं. मग १९२० मधे, स्वातंत्र्याची लढाई चालू असताना, लोकांनी राणीचं नाव काढलं आणि जुनं परत आणलं, पण इंग्रजी स्पेलिंगने नाही, आयरिश रीतीने. व नाही ना, म्हणून बी एच. म्हणजे कानाला तोच शब्द, पण अंगावर कपडे आपले. डन लिअरीचंही तसंच, १८२१ मधे राजा चौथा जॉर्ज आला म्हणून त्याचं किंग्जटाउन झालेलं, ९९ वर्षांनी परत डन लिअरी, आणि हे नाव पाचव्या शतकातल्या एका आयरिश राजाचं आहे. केअर होममधे एक आजी आहेत कोव्हच्या, त्या बहिणीला सांगत होत्या की त्यांची आजी शेवटपर्यंत क्वीन्सटाउनच म्हणायची, सवय जात नव्हती. त्याच बंदरातून १८४८ ते १९५० या काळात २५ लाखांच्या वर माणसं देश सोडून गेली, दुष्काळ, गरिबी, काम नाही. टायटॅनिक पण शेवटची थांबली ती इथेच, ११ एप्रिल १९१२ ला, तेव्हा नाव क्वीन्सटाउन. बहीण एका सुट्टीत तिथे जाऊन आली, धक्क्यावर उभी राहून फोन केला, आणि माय म्हणली, "कोव्ह चांगलं शे का?" परत बरोबर.

पोर्टलीश पण सांगतो, कारण त्यात मला मराठीच सापडली. एल ए ओ आय एस ई, यात श कुठून आला? तर आयरिशमधे प्रत्येक व्यंजनाची दोन रूपं, शेजारी इ-ए असले की पातळ, अ-ओ-उ असले की जाड. स च्या शेजारी इ किंवा ए आला की त्याचा श होतो. आता विचार करा, आपण "पैसा" म्हणतो पण "पैशाला" म्हणतो, "मासा" पण "माशाला". आपण हे न शिकता करतो. आपण लिहितो पण तसंच म्हणून आपल्याला अडत नाही, ते लोक स तसाच ठेवतात आणि शेजारच्या स्वराने खूण करतात, म्हणून त्यांच्या शब्दात एवढे स्वर कोंबलेले दिसतात, त्यातले अर्धे म्हणायचे नसतातच, ते नुसते शेजाऱ्याची ओळख सांगायला उभे असतात. हे गाव पण आधी मेरीबरो होतं, १९२९ मधे पोर्टलीश केलं.

मग उरली दुसरी भानगड, यॉल, ड्रॉहेडा, टॅला यांची. ही स्पेलिंग आयरिश पण नाहीत आणि धड इंग्रजी पण नाहीत. यातली बरीच फार जुनी, इंग्रज कारकुनांनी शतकानुशतकं कानाला आलं तसं लिहिलेली. आणि मग १८२४ मधे इंग्रज सरकारने अख्ख्या आयर्लंडचा नकाशा करायला घेतला, जमिनीवरचा कर नीट बसवायला, एका मैलाला सहा इंच एवढा बारीक, २० वर्षांच्या वर काम चाललं. ६० हजारांच्या वर वस्त्यांची आणि शिवारांची नावं लिहायची होती, आणि प्रत्येक नाव जुन्या कागदांत पाच-सहा प्रकारे लिहिलेलं. तिथे जॉन ओडोनोव्हन नावाचा माणूस लागला, किलकेनी भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आयरिशचा मोठा जाणकार. तो पायी पायी जिल्हे फिरला आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत गेला की तुम्ही या जागेला काय म्हणता. ऐकायचं, आयरिशमधे लिहायचं, मग नकाशासाठी त्याचं इंग्रजी वळणाचं स्पेलिंग सुचवायचं. त्याची पत्रं आजही जपून ठेवलेली आहेत. नकाशावर इंग्रजी स्पेलिंग गेलं हे खरं, पण तो माणूस फिरला नसता तर किती नावं त्या म्हाताऱ्यांबरोबरच गेली असती, कारण लगेच १८४५ पासून बटाट्याचा दुष्काळ पडला, दहा लाख मेले आणि तेवढेच देश सोडून गेले, आणि त्यात आयरिश बोलणारे गरीबच जास्त.

याचा आपल्याशी एक सरळ धागा आहे. जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याचं नाव शिखराला दिलं, तो १८२९ मधे आयर्लंडला जाऊन ते मोजमाप बघून आला होता आणि तिथल्या मोजणीसाठी बनवलेल्या खास मोजपट्ट्या, उन्हाने लांबी न बदलणाऱ्या, तशाच त्याने भारताच्या मोजणीसाठी आणल्या. म्हणजे ज्या सामानाने यॉलकडचा नकाशा झाला तशाच सामानाने इकडचा. आणि तो स्वतःचं आडनाव ईव्हरिस्ट म्हणायचा, आज जगात कोणीच तसं म्हणत नाही.

इकडे पण नावं साहेबांच्या कानाने लिहिली गेली. धुळ्याचं धुलिया, खान्देशचं जुन्या कागदात के एच ए एन डी ई आय एस एच. ळ हे अक्षर इंग्रजीत नाही, हिंदीत नाही, म्हणून भुसावळ स्टेशनवरून जाणारा उत्तरेकडचा प्रवासी भुसावल म्हणतो, जलगांव म्हणतो. पारोळा इंग्रजीत वाचून एक नवीन आलेले साहेब मला "पॅरोला कितना दूर है" विचारत होते. हे तर बाहेरचे. पण आमच्या घरात? आमच्या घरात ळ नाहीच. अहिराणीत ळ चा य होतो, लेवा बोलीत पण होतो. जळगाव नाही, जयगाव. धुळे नाही, धुये. अमळनेरचं अमयनेर, पारोळ्याचं पारोया, केळीची केयी आणि डोळ्याचा डोया. लाखो माणसं असं बोलतात, केळीच्या बागेत, बाजार समितीत, एसटीत. पाटीवर मात्र एका ठिकाणी सुद्धा नाही.

मी चौथी-पाचवीत असताना वर्गात उभं राहून धडा वाचत होतो, "शाया सुटली" म्हणलो, तर गुरुजींनी पुस्तक बंद करायला लावलं आणि सगळ्या वर्गाला म्हणले याच्या जिभेला हाड नाही का विचारा. पोरं हसली. मी घरी येऊन मायवर चिडलो, की तू असं का बोलतेस, तुझ्यामुळे मला हसतात. ती काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. त्यानंतर कितीतरी वर्षं मी मित्रांसमोर तिच्याशी अहिराणी बोललो नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

आयर्लंडमधे तर एकोणिसाव्या शतकात पोरांच्या गळ्यात काठी बांधायचे, आयरिश शब्द तोंडातून निघाला की काठीवर एक खाच, संध्याकाळी खाचा मोजून मार. आणि मारायला आईबापांची पण संमती, कारण इंग्रजी आली तर पोरगं अमेरिकेत पोट भरेल. हे बहिणीने केअर होममधल्या एका आजोबांकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो.

आणि तरी नावं टिकली. भाषा घरातून गेली तरी नाव म्हणायची रीत गेली नाही, यॉलमधल्या माणसाला आयरिश येवो न येवो तो यॉलच म्हणतो, कागदावर काहीही लिहिलेलं असो. जी एच चं म्हणाल तर एक नियम पण नाही, यॉलमधे तो गायब, ड्रॉहेडात ह, आणि डब्लिनमधल्या एका भागाचं स्पेलिंग बी ए एल एल वाय बी ओ यू जी एच, उच्चार बॅलीबॉक, म्हणजे तिथे तोच जी एच चक्क क झाला. पुस्तकातून हे कळूच शकत नाही. विचारावंच लागतं, तिथे राहणाऱ्याला. आता तर नावांचा सरकारी डेटाबेस आहे, लोगॅनम नावाचा, त्यात जुन्या कागदांमधली स्पेलिंगं तर आहेतच पण पुष्कळ नावांचे उच्चार आवाजात ऐकायला मिळतात. मी त्यावर रात्री तासभर ऐकत बसतो. मला वाटतं आपल्या प्रत्येक तालुक्याचं असं रेकॉर्डिंग झालं पाहिजे, आणि ते माय लोकांच्या आवाजात झालं पाहिजे, बातम्या वाचणाऱ्यांच्या नाही. शिवारांची नावं, नाल्यांची, माळांची, जी सातबाऱ्यावर पण नाहीत. आमच्या शेताच्या वरच्या माळाला काय म्हणतात हे आता गावात चार-पाच जणांनाच माहीत आहे, सगळे सत्तरीच्या पुढचे.

अजून एक, त्यांच्याकडे वराडकर म्हणून पंतप्रधान होऊन गेले, २०१७ मधे पहिल्यांदा झाले. वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. तिकडे टीव्हीवर व्हरॅडकर म्हणतात, बहीण ड्यूटीवर एकदा न राहवून म्हणली की ते वराडकर आहे, वराड गावचे म्हणून वराडकर, आमच्याकडे आडनावात गाव असतं. मग त्या कोव्हच्या आजींनी तिला विचारलं, तुझं गाव कोणतं ते सांग, नीट सांग, मला बरोबर म्हणायचंय. ती म्हणली अमळनेर. आजींना ळ जमेना, ल यायचा, परत परत म्हणून बघितलं, जमेना. मग बहीण म्हणली की माझी आई अमयनेर म्हणते. ते त्यांना पहिल्या झटक्यात जमलं.

हे ती सांगत होती तेव्हा माय स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. तिने मला परत एकदा विचारलं, "काय म्हनी ती डोकरी?" मी सांगितलं, "अमयनेर म्हनी, माय." मग तिने बहिणीला सांगितलं की पुढच्या पार्सलमधे त्या डोकरीसाठी वेगळ्या बिबड्या देते, तिखट कमी घालून.